एसएमपीएस तपासणी: पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस चांगला, असं नसतं

टिळकवाडी_हार्डवेअर
नमस्कार मंडळी. कॉम्प्युटर चालू होत नाही म्हटलं की आपल्याकडं एसएमपीएसची (कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याची) बहुतेक ठिकाणी एकच तपासणी होते: २४ पिनांच्या कनेक्टरमध्ये हिरवी आणि काळी वायर जोडून तो चालू करायचा आणि पंखा फिरतो का बघायचं. फिरला तर 'एसएमपीएस ओके, बोर्ड (मदरबोर्ड) गेला.' एवढ्या निकालावर बेळगावपासून निपाणीपर्यंत लोकांना नवे बोर्ड घ्यायला लागतात. म्हणून नीट पद्धत आणि आकडे एका जागी लिहितोय. चुकलं असेल तर दुरुस्त करा, राहिलं असेल तर भर घाला.

आधी मीटर. डीसी २० व्होल्टची रेंज, काळा प्रोब कॉममध्ये, लाल प्रोब व्होल्टच्या भोकात. लाल प्रोब १० अँपियरच्या भोकात राहिला आणि पिवळ्या वायरला लागला तर तो सरळ शॉर्ट आहे. मीटरची बॅटरी उतरली असेल तर आकडे चढे दाखवतात, आणि चांगला एसएमपीएस खराब ठरतो.

हिरव्या वायरला हात लावण्याआधी दोन मापं घ्या. एसएमपीएस बोर्डापासून सोडवा, प्लग लावून मागचं बटण चालू करा. जांभळी वायर (पिन ९) ते काळी: ४.७५ ते ५.२५ व्होल्ट. हा स्टँडबाय ५ व्होल्ट, कॉम्प्युटर बंद असतानाही यायलाच हवा. मग हिरवी (पिन १६) ते काळी: साधारण साडेतीन ते पाच व्होल्ट. जांभळीवर काहीच नसेल तर हिरवी-काळी जोडून उपयोग नाही, पंखा फिरणारच नाही. बिघाड आत स्टँडबायच्या भागात किंवा त्याच्याही मागं फ्यूजकडं आहे.

जांभळी बरोबर असेल तर हिरवी आणि शेजारची काळी (पिन १७) वायरच्या तुकड्यानं जोडा. जुन्या एसएमपीएसना रिकामं (काहीच न जोडता) चालणं जमत नाही, म्हणून एखादी जुनी हार्ड डिस्क किंवा डीव्हीडी ड्राइव्ह लावून ठेवा. आता मापं:

पिवळी १२ व्होल्ट: ११.४० ते १२.६०
लाल ५ व्होल्ट: ४.७५ ते ५.२५
नारिंगी ३.३ व्होल्ट: ३.१४ ते ३.४६
निळी उणे १२ व्होल्ट: उणे १०.८ ते उणे १३.२
करडी (पिन ८): चालू झाल्यावर ५ व्होल्टच्या आसपास

करडी वायर बहुतेक जण मोजतच नाहीत. सगळे व्होल्टेज स्थिर झाल्यावर १०० ते ५०० मिलिसेकंदांनी एसएमपीएस या वायरवरून बोर्डाला 'आता चालू हो' असं कळवतो. पिवळी, लाल, नारिंगी तिन्ही बरोबर आणि करडी शून्य असेल तर पंखे फिरतात, लाइट लागतात, स्क्रीन मात्र काळीच. अगदी बोर्ड गेल्यासारखं दिसतं.

ही झाली रिकाम्यावरची तपासणी. यात नापास झालेला नक्की खराब. पास झालेल्याबद्दल अजून काहीच कळलेलं नाही. लोड देऊन, म्हणजे करंट ओढणारं काहीतरी जोडून, मोजायचं खाली लिहितो.

नंदगड_सेवाकेंद्र
सर, चांगला विषय काढलात. माझ्याकडं एक मशीन आहे, सकाळी लगेच चालू होतंय. दुपारनंतर बटण तीन-चारदा दाबावं लागतंय. एकदा चालू झालं की मग दिवसभर काही त्रास नाही. पण लाइट जाऊन इन्व्हर्टरवर आलं की कधी कधी रीस्टार्ट होतंय. रिकाम्यावर पिवळी १२.१४, लाल ५.०८, जांभळी ५.०२. म्हणजे सगळं बरोबरच की. तरी एसएमपीएस बदलू का? एक गोष्ट राहिली, कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात.

निपाणी_सोल्डर
नंदगडकर, जांभळी रिकाम्यावर मोजू नका. बोर्डाला २४ पिन लावून, प्लग चालू ठेवून, मशीन बंद असताना कनेक्टरच्या मागच्या बाजूनं वायरीच्या कडेनं प्रोब आत सरकवा आणि मोजा. मग बटण दाबा आणि दाबताना आकडा कुठं जातोय ते बघा. दोन-तीनदा दाबल्यावर चालू होणं हे स्टँडबायच्या छोट्या कॅपॅसिटरचं नेहमीचं लक्षण. प्लग लावल्यापासून हा भाग दिवसरात्र चालू असतो, पंखा मात्र बंद असतो. त्यामुळं तिथले कॅपॅसिटर सगळ्यांच्या आधी सुकतात. फुगलेले दिसतीलच असं नाही. वरून सपाट असतात आणि आतून मेलेले असतात.

उलटंही होतं. काही साध्या सर्किटांत फीडबॅकच्या (व्होल्टेज जागेवर ठेवणाऱ्या) बाजूचा कॅपॅसिटर गेला की स्टँडबाय ५ वरून ६-७ व्होल्टपर्यंत चढतो. ते जास्त वाईट, कारण तो सरळ बोर्डाच्या चिपसेटला मारतो. जांभळी ५.२५ च्या वर दिसली तर तो एसएमपीएस पुन्हा बोर्डाला लावू नका.

उद्यमबाग_पॅनेल
मी लाइनीच्या बाजूनं लिहितो. आपल्याकडं अर्धे 'एसएमपीएस खराब' हे भिंतीतल्या सॉकेटमध्येच असतात. नंदगडकर, झिणझिण्या येतात हे तुम्ही शेवटी लिहिलंत, माझ्या लेखी ती पहिली गोष्ट आहे.

प्रत्येक एसएमपीएसमध्ये फेज ते बॉडी आणि न्यूट्रल ते बॉडी असे दोन छोटे कॅपॅसिटर असतात, लाइनीतला इलेक्ट्रिकल गोंधळ (नॉइज) गाळण्यासाठी. अर्थ जोडलेला असेल तर त्यांचा बारीक करंट जमिनीत जातो. अर्थ नसेल तर बॉडी दोन्हीच्या मधोमध लटकते, म्हणजे २३० च्या लाइनीवर ११५ व्होल्टच्या आसपास. करंट कमी असतो म्हणून नुसत्या झिणझिण्या. पण त्याच अवस्थेत प्रिंटर किंवा मॉनिटरची केबल लावली की तो व्होल्टेज केबलीतून वाट शोधतो आणि पोर्ट जातात.

मीटर एसी ६०० किंवा ७५० व्होल्टच्या रेंजवर ठेवा. कॉम्प्युटरचा प्लग भिंतीवरच्या त्याच स्विचबोर्डावर लावून ठेवा आणि शेजारच्या सॉकेटमध्ये तीन मापं घ्या: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. चांगल्या लाइनीत पहिली दोन जवळजवळ सारखी आणि तिसरं दोन-तीन व्होल्टच्या आत. प्रोबच्या उघड्या भागावर बोट जाऊ देऊ नका. सवय नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा.

फेज आणि अर्थमध्ये बल्ब लावून 'अर्थ आहे का' बघायची पद्धत जुनी आहे, पण घरात बाकीच्या वस्तू लावलेल्या असताना ते करू नका. अर्थ तुटलेला असेल तर बल्बातून फेज अर्थच्या वायरीत शिरतो आणि त्या वायरीला जोडलेल्या प्रत्येक वस्तूच्या बॉडीत उतरतो. फ्रिज, वॉशिंग मशीन, सगळ्याच्या.

चिक्कोडी_लॅब
आमच्या शाळेच्या लॅबमध्ये उन्हाळ्याच्या सुटीनंतर दरवर्षी काही मशीन चालू होत नाहीत. सगळे बिननावाचे ४५० वॅटचे एसएमपीएस. एकेकाला मीटर लावायला वेळ जातो. स्क्रीनवाला एसएमपीएस टेस्टर मिळतो तो घ्यावा का?

टिळकवाडी_हार्डवेअर
सर, वेगळे काढायला चांगला आहे. २४ पिन लावली की सगळे व्होल्टेज आणि करड्या वायरचा वेळ मिलिसेकंदांत दिसतो. १०० पेक्षा कमी किंवा ५०० पेक्षा जास्त आला की बाजूला काढा. पण टेस्टर लोड देतो अगदी थोडा. नापास केलेला खराब माना, पास केलेल्यावर लगेच विश्वास ठेवू नका.

आणि '४५० वॅट' हे स्टिकरवरचं मोठं अक्षर सोडा, खालच्या तक्त्यात १२ व्होल्टसमोर किती अँपियर लिहिलेत ते वाचा. १४ अँपियर असेल तर १२ गुणिले १४, म्हणजे १६८ वॅट. आजच्या मशीनमध्ये प्रोसेसर, ग्राफिक कार्ड, पंखे सगळं १२ व्होल्टवरच चालतं, त्यामुळं तुमच्या कामाचा आकडा तो १६८. ५ आणि ३.३ व्होल्टचे अँपियर फुगवून ४५० ची बेरीज जमवलेली असते. साध्या लॅबच्या मशीनला १६८ पुरतात, पण कोणी त्यात ग्राफिक कार्ड घातलं की संपलं.

आता लोडची तपासणी. कुठल्याही ऑटो स्पेअरच्या दुकानात मिळणारे १२ व्होल्टचे बल्ब घ्या. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब दीड-पावणेदोन अँपियर घेतो. हेडलाइटचा एच-फोर हॅलोजन, ६०/५५ वॅट, एक फिलामेंट साडेचार-पाच अँपियर घेतं, दोन्ही लावली तर नऊच्या पुढं. हॅलोजनची काच बोटानं धरू नका. बल्ब लाकडावर किंवा प्लॅस्टिकवर ठेवू नका, पत्र्याच्या होल्डरमध्ये बसवा, फार तापतो.

सगळा लोड एका मोलेक्सच्या (ड्राइव्हला वीज देणाऱ्या ४ पिनांच्या कनेक्टरच्या) एकाच पिवळ्या वायरवर टाकायचा नाही. प्रोसेसरच्या ८ पिन कनेक्टरमध्ये चार पिवळ्या असतात, तिथून घ्या. लाल वायरवरही थोडा लोड हवा. २.२ ओहम, २५ वॅटचा सिमेंट रेझिस्टर लावला तर ५ व्होल्टवर सव्वादोन अँपियर घेतो आणि ११ वॅट तापतो.

रिकाम्यावर एकदा, लोड दिल्याबरोबर एकदा, मग पाच मिनिटांनी आणि वीस मिनिटांनी मोजा. १२.१ वरून ११.९ वर येऊन तिथंच थांबला तर उत्तम. ११.८, ११.७, ११.५ असा दर मापाला खाली सरकत असेल तर अजून ११.४ च्या वर आहे म्हणून पास करू नका. तो तापल्यावर ढिला पडतोय.

निपाणी_सोल्डर
एक गोष्ट मला पटत नाही. हॅलोजननं सुरुवात करायला सांगू नका. थंड फिलामेंटचा रेझिस्टन्स तापलेल्याच्या जवळजवळ दहावा हिस्सा असतो. म्हणजे पाच अँपियरचा बल्ब पहिल्या क्षणाला चाळीस-पन्नास अँपियर ओढायला बघतो. चालू एसएमपीएसला तो नंतर जोडला तर चांगला एसएमपीएससुद्धा ओव्हरलोड समजून बंद पडेल, आणि बघणारा म्हणेल खराब आहे.

टिळकवाडी_हार्डवेअर
हे बरोबर. म्हणून बल्ब आधी जोडून मग हिरवी-काळी लावायची. सुरू होताना व्होल्टेज काही मिलिसेकंद घेऊन हळू चढतो, त्यात फिलामेंट थोडं तापतं. तरी बंद पडला तर २१ वॅटचे एक, दोन, तीन असे वाढवत जा. आणि बंद पडलेला एसएमपीएस हिरवी नुसती सोडून जोडल्यानं नेहमी उठत नाही. मागचं बटण बंद करून एखादा मिनिट थांबावं लागतं.

निपाणी_सोल्डर
मान्य. आणखी एक बघा. जुन्या आणि स्वस्त एसएमपीएसमध्ये १२ आणि ५ एकाच कॉइलवर, एकाच फीडबॅकवर असतात. फक्त पिवळीवर लोड टाकला की पिवळी खाली येते आणि लाल वर जाते. लाल ५.३ दिसली की लगेच खराब म्हणू नका, लालवरचा २.२ ओहमचा रेझिस्टर लावला की जागेवर येते का बघा. नव्या चांगल्या एसएमपीएसमध्ये ५ आणि ३.३ हे १२ मधून वेगळ्या छोट्या बोर्डावर तयार होतात, तिथं असं होत नाही.

रिपल (डीसीवर उरलेली व्होल्टेजची थरथर) मोजायला मीटर एसीवर लावून फसू नका. साधा मीटर डीसी लाइनीवर एसी रेंजमध्ये भलतेच आकडे दाखवतो. स्विचिंग होतं दहा-दहा हजार हर्ट्झच्या हिशेबात, ते त्याला दिसतच नाही. ऑसिलोस्कोप असेल तर प्रोबच्या टोकाला ०.१ आणि १० मायक्रोफॅरडचे कॅपॅसिटर लावून, २० मेगाहर्ट्झची मर्यादा चालू करून बघा. १२ व्होल्टवर १२० मिलिव्होल्ट, ५ आणि ३.३ वर ५० मिलिव्होल्ट ही हद्द. रिपल वाढलेला एसएमपीएस मीटरवर १२.०५ दाखवतो आणि विंडोज मधेच निळी पडते. मग लोक रॅम बदलत बसतात.

वडगाव_माग
मागाच्या शेडला लागून ज्यांचं ऑफिस आहे त्यांच्यासाठी. सुताचा कचरा एसएमपीएसच्या जाळीवर नमद्यासारखा बसतो. पंखा फिरतो पण हवा जात नाही. सकाळी ठीक, दोन तासांनी बंद, थंड झाला की परत ठीक, असं असेल तर आधी हे बघा. एसएमपीएस काढून ब्लोअरनं उलट दिशेनं हवा मारा आणि पंख्याचं पातं काडीनं धरून ठेवा. नाहीतर पंखा उलटा भणभण फिरून त्याचं बेअरिंग जातं. दाणेदार आवाज करणारा पंखा तेल घालून थोडे दिवस चालतो, पण बदललेला बरा.

उद्यमबाग_पॅनेल
फौंड्रीच्या बाजूच्या लोकांनी एवढ्यावर थांबू नये. सूत नुसतं हवा अडवतं, बिडाची पूड करंट नेते. पावसाळ्यात ती ओली झाली की आत ठिणगी पडायला वेळ लागत नाही. तिथं कॅबिनेट जमिनीवर ठेवू नका आणि पावसाळ्याआधी एकदा साफ करून घ्या. खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीकडं तर पावसाळाभर बंद ठेवलेलं मशीन एकदम चालू करूच नये. कॅबिनेट उघडून एक दिवस कोरड्या खोलीत ठेवा.

चिक्कोडी_लॅब
पंखा एकदा झटका देऊन थांबतो, असे तीन निघाले. हे एसएमपीएसचं की बोर्डाचं?

निपाणी_सोल्डर
झटका देऊन थांबणं म्हणजे एसएमपीएसला पुढं शॉर्ट दिसतोय. बघायची रीत अशी: आधी ड्राइव्ह, ग्राफिक कार्ड, समोरचे यूएसबी सगळं सोडवा. तसंच होत असेल तर प्रोसेसरजवळची ४ किंवा ८ पिन काढा, २४ पिन राहू द्या, आणि चालू करा. आता पंखा फिरत राहिला तर बोर्डावर प्रोसेसरच्या बाजूचा मॉसफेट (करंट चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर) शॉर्ट आहे, एसएमपीएस निर्दोष. खात्रीसाठी प्लग काढून बोर्डावरच्या त्या सॉकेटमध्ये पिवळी आणि काळीच्या पिना मीटरच्या बझरवर बघा. सलग वाजला आणि आकडा शून्याजवळच राहिला तर शॉर्ट.

४/८ पिन काढूनही झटकाच देत असेल तर एसएमपीएस पूर्ण सोडवून, थोडा लोड लावून हिरवी-काळी. तिथंही झटका, तर आतले आउटपुट डायोड किंवा कॅपॅसिटर.

आणि सर, लॅबमध्ये डेल, एचपी, लेनोव्होची ऑफिस मशीन असतील तर वर दिलेले रंग आणि पिना तिथं लागू करू नका. त्यातल्या बऱ्याच मॉडेलना २४ पिन नसते, कमी पिनांचं स्वतःचं कनेक्टर असतं आणि एसएमपीएसमधून मुख्यतः १२ व्होल्टच निघतो. त्या मॉडेलचा पिनांचा नकाशा मिळाल्याशिवाय वायर जोडू नका. मॉड्युलर एसएमपीएसच्या केबलीही एका कंपनीच्या दुसऱ्याला लावायच्या नाहीत. बोर्डाकडचं टोक सारखं असलं तरी एसएमपीएसकडच्या टोकाला पिनांचा क्रम ज्याचा त्याचा. ५ च्या जागी १२ गेले की हार्ड डिस्क त्याच क्षणी जाते.

वडगाव_माग
पूर्ण मेलेला, जांभळीही नाही, असा असेल तर फ्यूज बदलून चालतो का?

निपाणी_सोल्डर
बहुतेक वेळा नाही. फ्यूज उगाच उडत नाही. पुढं ब्रिज रेक्टिफायर किंवा स्विचिंगचा मॉसफेट शॉर्ट झालेला असतो, नवा फ्यूजही धाडकन जातो. म्हणून सिरीज बोर्ड वापरा: १०० वॅटचा जुना फिलामेंटचा बल्ब फेजमध्ये सिरीजला. बल्ब एकदा लागून मंद झाला किंवा विझला तर पुढं शॉर्ट नाही. पूर्ण पेटून राहिला तर शॉर्ट, लगेच बंद करा. एलईडी बल्ब याला चालत नाही.

उघडणाऱ्यांसाठी, आणि ज्यांना सवय आहे त्यांच्यासाठीच: मोठ्या कॅपॅसिटरवर ३२५ व्होल्ट डीसी असतो, पीएफसी (लाइनीतून ओढला जाणारा करंट सुधारणारं सर्किट) असलेल्यात ३८० ते ४००. प्लग काढल्यावरही राहतो. स्क्रू ड्रायव्हरनं शॉर्ट करू नका. २.२ किलोओहम, १० वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड पकडीनं दहा सेकंद धरा आणि मग मीटरनं मोजून शून्य बघा. मोजल्याशिवाय बोट नाही.

मागं ११५/२३० चं लाल बटण असलेले जुने एसएमपीएस आले तर प्लग लावण्याआधी ते २३० वर आहे का बघा. ११५ वर राहिलं तर आत व्होल्टेज दुप्पट होतो आणि २०० व्होल्टच्या कॅपॅसिटरवर प्रत्येकी ३२५ येतात. फुटतात.

नंदगड_सेवाकेंद्र
सांगितल्याप्रमाणं मोजून घेतलं, इलेक्ट्रिशियन बरोबर होता. दुपारी पंप चालू असताना फेज-न्यूट्रल १९८. फेज-अर्थ १०४, न्यूट्रल-अर्थ ९३. जांभळी रिकाम्यावर ५.०२, बोर्ड लावून ४.४१, बटण दाबल्यावर ४.१ च्या खाली जाऊन परत येते. स्टिकरवर इनपुट २००-२४० व्होल्ट लिहिलंय. इन्व्हर्टरवर यूपीएस आणि नॉर्मल असं बटण आहे, ते नॉर्मलवर होतं. स्टॅबिलायझर घेऊ का?

उद्यमबाग_पॅनेल
१०४ अधिक ९३ म्हणजे १९७, जवळजवळ तुमचा पूर्ण १९८. याचा अर्थ सॉकेटमधला अर्थ कुठंच जोडलेला नाही, तो एसएमपीएसच्या कॅपॅसिटरांवर लटकतोय. पहिलं काम अर्थिंगचं. स्विचबोर्डापासून अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत वायर सलग आहे का बघून घ्या, आणि न्यूट्रलला अर्थ म्हणून जोडणाऱ्याला तसं करू देऊ नका. पुढं कुठं न्यूट्रल तुटला की अख्ख्या कॅबिनेटमध्ये २३० येतात.

इन्व्हर्टर यूपीएसवर टाका. नॉर्मलमध्ये तो लाइट गेल्यावर सावकाश बदलतो आणि लाइन फार खाली जाईपर्यंत तशीच पुढं देतो. एसएमपीएसच्या पोटात साधारण १६-१७ मिलिसेकंदांचाच साठा असतो, कॅपॅसिटर थकले की तोही कमी. म्हणून रीस्टार्ट. यूपीएस मोडला बदल पटकन होतो, पण लाइन १८० च्या आसपास आली की इन्व्हर्टर बॅटरीवर जाईल, संध्याकाळी बॅटरी उतरलेली असेल हे लक्षात ठेवा.

निपाणी_सोल्डर
४.४१ म्हणजे स्टँडबाय नक्की गेलाय, लाइन कमी असो वा नसो. स्टँडबायच्या आउटपुटचा कॅपॅसिटर आणि त्या छोट्या आयसीजवळचा ५० व्होल्टचा, दोन्ही बदलावे लागतील. १०५ डिग्रीचे, लो ईएसआरचे (आतला रेझिस्टन्स कमी असलेले) घ्या, मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा एक पायरी वर. साधे ८५ डिग्रीचे घातले तर लवकरच पुन्हा तिथंच याल. नवा घेणार असाल तर स्टँडबाय दुरुस्तीचा खर्च करू नका.

टिळकवाडी_हार्डवेअर
मी तरी नवाच घ्या म्हणेन. एका भागाचे कॅपॅसिटर सुकले तर बाकीचे त्याच वयाचे आहेत. घेताना इनपुट १००-२४० व्होल्ट लिहिलेला, ॲक्टिव्ह पीएफसीवाला बघा. तो १९८ काय, १५० वरही चालेल, मग स्टॅबिलायझर लागणार नाही. फक्त आधी एक खात्री करा: तुमचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर काही पीएफसीवाले एसएमपीएस त्यावर बंद पडतात. इन्व्हर्टरच्या स्टिकरवर साइन वेव्ह लिहिलंय का ते बघून मगच दुकानात जा. नवा लावल्यावर जांभळी बोर्डासकट मोजून आकडा इथं टाका.